बसऱ्याच्या मोटारीची गादी

पडदा वर जाण्याआधी आवाज ऐकू येतो. टंव्... टंव्... टंव्... पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठ्या पडतो आहे. मग पडदा सरकतो, तरी क्षणभर माणूस दिसतच नाही. अंगणभर नुसती रुई उडते आहे आणि माघातलं कोवळं ऊन त्या रुईत अडकून राहिलं आहे. रुई जरा खाली बसते, तेव्हा मधोमध एक बाई दिसते. नाकातोंडावर पदर बांधलेला, पापण्यांवर पांढरी लव, केस अठ्ठाविसाव्या वर्षीच पिकलेले. पण झटकले की पुन्हा काळेभोर. ही चांदबी. गाव अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, त्या काळातली ही बाई.

चांदबी पिंजाऱ्याची लेक आणि पिंजाऱ्याचीच सून. अमडापुरात कुणाचं लग्न ठरलं की सोनाराच्या आधी हिच्याकडे निरोप यायचा. तिनं पिंजलेली रुई मुठीत धरली तर मूठ रिकामी वाटायची आणि उघडली की पसाभर व्हायची. हे कसब तिचं, पण धंद्याचा कायदा तिचा सासरा फकीर मोहम्मद याचा. म्हाताऱ्याचा कापड मोजायच्या गजावर विश्वास नव्हता. "ज्याची गादी, त्याचा हात," असं तो म्हणायचा. गादी करून घ्यायला येणाऱ्यानं स्वतः यायचं, हात पुढे करायचा, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत चांदबीनं दोरा लावायचा. पाटील असो की हमाल. माणूस आपल्या हाताच्या मापानं वाढतो, मग त्यानं निजायचंही त्याच मापात, हे म्हाताऱ्याचं शास्त्र. आठ-दहा वर्षांत अमडापुरातला एकेक हात चांदबीला पाठ झाला होता.

तिचा नवरा शकूर मात्र या धंद्यात रमला नाही. रुई पिंजण्यापेक्षा सरकीतून रुई सोडवणारं इंजिन त्याला आवडलं. खामगावच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो तेलवाला झाला, इंजिनाच्या पोटात शिरून काळा होऊन यायचा आणि हसत राहायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि मोठी लढाई सुरू होती. सरकारला मोटारी हाकणारे, मोटारी दुरुस्त करणारे हवे होते. शकूर गेला तो थेट बसऱ्याला. लढाई संपली, माणसं परतली, ज्यांची परतायची नव्हती त्यांच्या घरी कागद आले. शकूर तिथंच एका गॅरेजात कामाला राहिला. दर दोन महिन्यांनी मनीऑर्डर यायची. माणूस यायचा नाही.

सहा वर्षं अशी गेली आणि एका बाजाराच्या दिवशी वामनराव मास्तर पत्र घेऊन आले. मास्तर शाळेतून परस्पर यायचे, खाटेवर बसायचे, रुई नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधायचे आणि रुमालातूनच पत्र वाचायचे. शेजारची गोजरबाई भिंतीवरून डोकावायची. तिचा नवरा निवृत्ती गाडीवान. तो बैल सोडून दारातच उकिडवा बसायचा.

"'तीर्थरूप अब्बाजान यांस शकूरचा सलाम,'" मास्तरांनी सुरू केलं. "'येथे एक मोटर सापडली आहे. डेमलर नावाची, विलायती. कोण्या अमीराची होती. लढाईत गोऱ्या साहेबानं वापरली, मग टाकून दिली. आमच्या मालकाच्या मागच्या आवारात पडून होती, आत कोंबड्या अंडी घालत. मालक म्हणाला, हलवून नेशील तर तुझी. मी हलवली.'"

"कोंबड्याचं काय केलं?" गोजरबाईनं विचारलं.

"ते लिहिलेलं नाही. ऐका पुढं. 'घरात सांगणे, की मी जुम्म्याच्या सुटीत तिचं काम करतो. चाकांचे आरे बोटीच्या सुतारानं करून दिले. वरचं छप्पर जुन्या शिडाचं करीन. या मोटारीचं इंजिन असं आहे, की आवाज करत नाही, नुसता धूर सोडतं. ती चालती झाली की बोटीत चढवीन, मुंबईला उतरवीन आणि तिच्यातच बसून अमडापूरच्या वेशीत येईन. इतकी वर्षं बाहेर राहून पायी येण्यात शोभा नाही.'"

'घरात सांगणे' म्हणजे चांदबीला सांगणे. बायकोचं नाव पत्रात घालायचं, तेही मास्तरांनी मोठ्यानं वाचायच्या पत्रात, ही रीत नव्हती.

"घ्या!" गोजरबाई भिंतीवर रेलली. "चांदबी, तुले सवत आली बाई! चार चाकाची!"

"येऊ दे," चांदबी मुठ्या न थांबवता म्हणाली. "एक तरी सवत अशी पाह्यजे, जी तोंड चालवत नाही. नुस्ती धूर सोडते."

निवृत्ती इतका हसला की बैल दचकले. चांदबीही हसली. पण त्या दिवशी तिला एक गोष्ट पक्की कळली: मोटर पुरी होईल तेव्हा नवरा येईल, त्याआधी नाही. तेव्हापासून ती त्या न पाहिलेल्या गाडीसाठी दुवा मागू लागली.

दोन वर्षं पत्रांतून मोटर दुरुस्त होत राहिली. एक दिवा मूळचा पितळेचा, दुसरा बोटीवरचा कंदील कापून बसवला. पाणी गळणाऱ्या भागाला रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे डाग दिले. अंगाला बोटींचा काळा रंग लावला. मनीऑर्डरी आखडल्या. म्हातारा कुरकुरला, "पोट्टं लोखंडाले चारून राह्यलं." चांदबीनं चार गाद्या जास्त केल्या.

मग ते पत्र आलं. "'घरात सांगणे, की मोटर चालू झाली. पण बसायला जागा नाही. मूळची चामड्याची गादी उंदरांनी खाल्ली. इथं घोड्याचे केस भरून गादी करतात, ते मला परवडत नाही. आणि वऱ्हाडच्या पिंजाऱ्यानं घोड्याच्या केसांवर का बसावं? मागची बैठक पावणेतीन हात लांब, सव्वा हात रुंद. तेवढी करून धाडावी. मग मी आलोच.'"

'मग मी आलोच' हे मास्तरांकडून तिनं दोनदा वाचून घेतलं.

त्या हंगामात चांदबीनं जे केलं, तसं काम अमडापुरात कुणी पाहिलं नव्हतं. पहिल्या वेचणीचा कापूस तिनं शेतावर जाऊन स्वतः निवडला. तीनदा पिंजला. निळं जाड दोसूती कापड आणलं, आपल्या हातानं पावणेतीन हात मोजलं, सव्वा हात मोजलं, कापलं. खाटेच्या गादीसारखी मऊ ही चालायची नव्हती. धक्क्यात माणूस उडेल. म्हणून तिनं रुई थरावर थर दाबून भरली आणि दर चार बोटांवर दाभणानं टाका घातला. एकेक टाका ओढताना पायानं रेटा द्यायची. महिनाभर तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

गादी झाली तशी बसवायची वेळ आली. नव्या गादीची रुई माणसांच्या वजनानं बसवावी लागते, नाहीतर ती वाटेत फुगते. एरवी हे काम घरातली माणसं करतात. या गादीला सारी गल्ली लोटली. ओट्यावर गादी टाकली आणि गोजरबाई पहिली बसली, पदर सावरून, मान ताठ करून.

"हाक बे शकूर!" ती ओरडली. "चिखलीले घे!"

"सरक, मले बुलढान्याले जायचं," म्हणत निवृत्ती शेजारी बसला.

मास्तर नाही नाही म्हणत बसले आणि बराच वेळ उठेनात. शेवटी फकीर मोहम्मद बसला. म्हातारा डोळे मिटून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला, आणि कुणीही थट्टा केली नाही. चांदबी तेवढी बसली नाही. ती खऱ्या मोटारीत बसणार होती.

निवृत्तीनं गादी खामगावला नेली, तिथून ती आगगाडीत चढली, मुंबईहून बोटीत. पाच महिन्यांनी उत्तर आलं.

"'घरात सांगणे, की गादी पोचली. कापूस असा, की इथले लोक हात लावलावून पाहतात. पण एका बाजूला वीतभर लाकूड उघडं राहतं. माप कोणाच्या हातानं घेतलं? असो. वीतभर तुकडा करून धाडावा, टाके तेच, रंग तोच. तोवर मी मागच्या चाकांच्या रबराचं बघतो. भोंगाही नीट वाजत नाही, तोही बदलीन म्हणतो.'"

म्हातारा कडाडला. "पिंजाऱ्याची पोर, अन् वीतभर चुकली! कोनाच्या हातानं मोजलं?"

"माह्या."

"तुह्या काऊन? ज्याची गादी त्याचा हात, हे तुले आता मी सांगू?"

"त्याचा हात इथं कुठं हाय, अब्बा?"

"त्यानंही गाढवानं हातानंच माप कळवलं," म्हातारा जरा नरमला. "आठ वर्षं मोटारी करते अन् माप हातानं! बरं, कर वीतभर तुकडा. आजच कर."

"पन वीत कोनाची?" निवृत्ती दारातून म्हणाला. "त्याची का हिची? नाहीतं अजून एक बोट आखूड पडन, मंग बोटभर तुकडा धाडा!"

गोजरबाईला हसू आवरेना. मास्तर म्हणाले, "मी माझी फूटपट्टी देतो. इंच विचारून घेऊ." चांदबी उठून आत गेली.

त्या दिवशी पिंजण वाजलं नाही. ती घरात बसून शकूरचा हात आठवत होती. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, एवढंच. दाराच्या चौकटीला हात टेकून तो उभा राहायचा, तेव्हा बोटं कुठवर जायची? ताटात हात घालताना कोपर कुठं टेकायचं? तिला त्याचं तोंड आठवलं. खोकला आठवला. अंगाला येणारा जिनातल्या तेलाचा वास आठवला. हात आठवेना. तिनं डोळे मिटून स्वतःचा हात लांब केला आणि त्याच्याशेजारी त्याचा धरून पाहिला. कधी तो बोटभर मोठा व्हायचा, कधी वीतभर. निवृत्तीचा हात तिला पाठ होता, मास्तरांचा होता, चार वर्षांपूर्वी वारलेल्या पाटलाचासुद्धा होता. आणि आपल्या नवऱ्याचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मास्तरांना बोलावलं.

"लिहा, मास्तर. तुकडा येनार नाही."

"काय म्हनतं?" फकीर मोहम्मद खाटेवरून अर्धा उठला. "वीतभर कापडासाठी त्याचं येनं अडवतं?"

"कापडासाठी नाही अडलं, अब्बा. तुकडा गेला का रबर निघन. रबर झालं का भोंगा निघन. तुमी ऐकलं नाही काय? तो मोटर पुरी करून राह्यला, अन् आपन वाट पाहू पाहू त्याले इसरून राह्यलो."

"मी नाही इसरलो माह्या पोराले!"

"मी इसरली," चांदबी म्हणाली.

सासऱ्यासमोर, परक्या पुरुषासमोर ती कधी इतकं बोलली नव्हती. तिनं पदर पुढं ओढून घेतला आणि मास्तरांकडे न पाहता सांगू लागली. "लिहा. गावातल्या समद्यायचे हात मले पाठ हायेत. तुमचा आठवत नाही. काल सारा दिस बसून पाह्यलं, आठवला नाही. आज हात गेला, उद्या तोंड जाईन. मंग मोटर वेशीत आली तरी मी कोनाले वळखू? राहू द्या मोटर अर्धी. तुकडा धाडत नाही." मग ती मास्तरांकडे वळली. "एक अक्षर बदलू नका, मास्तर."

वामनराव मास्तर मुलांच्या वहीतला एक काना सोडत नसत. त्यांनी ते पत्र जसंच्या तसं लिहिलं. फक्त एकदा टाक खाली ठेवून रुमालानं डोळे पुसले आणि म्हणाले, "रुई फार उडते तुमच्याकडे." रुई त्या दिवशी उडत नव्हती.

"तो रागावला तं?" पत्र गेल्यावर म्हाताऱ्यानं विचारलं. "येनारच नाही मंग."

"आत्ता कुठं येऊन राह्यला?"

पण बोलणं सोपं होतं. महिने जाऊ लागले. पत्र नाही. मनीऑर्डरही थांबली. आधी गावानं विचारलं, मग विचारणं सोडलं. गोजरबाई भिंतीवरून थट्टा करेनाशी झाली, आणि ते चांदबीला सगळ्यात जास्त लागलं. सातव्या महिन्यात तिचा धीर सुटला. उरलेलं निळं कापड तिनं काढलं आणि वीतभर तुकडा शिवला, टाके तेच, रंग तोच. कुणाच्या वितीनं, ते तिचं तिलाच ठाऊक. पुढच्या बाजाराला मास्तरांकडे द्यायचा, माफी लिहायला सांगायची, असं ठरवून तो तिनं रुईच्या ढिगात लपवला.

बाजाराच्या आदल्या दिवशी मास्तर स्वतःच आले. रुमाल न बांधता, जवळजवळ पळत. हातात कार्ड होतं.

"वाचा ना," म्हातारा म्हणाला.

मास्तर घोटाळले. "हे तुम्हाला नाही, मियाँ." मग त्यांनी वाचलं. "'चांदबीस मालूम व्हावे.'"

भिंतीवरची गोजरबाई आणखी पुढं वाकली. नाव लिहिलं होतं. सरळ नाव.

"'चांदबीस मालूम व्हावे, की मी येतो. शेगाव स्टेशनावर, पुढच्या महिन्यात ईदच्या आठ दिवस आधी, सकाळच्या गाडीनं. मोटर सोबत नाही. शकूर.'"

बस, एवढंच. रुईच्या ढिगातला तो निळा तुकडा धाडायची वेळच आली नाही; पुढं फकीर मोहम्मद चिलीम ओढताना तो बुडाखाली घेऊ लागला.

मास्तर शाळेमुळे राहिले, बाकी सगळे निवृत्तीच्या गाडीतून शेगावला गेले. गोजरबाईला महाराजांचं दर्शनही घ्यायचं होतं. फलाटावर चांदबी सासऱ्याच्या मागं उभी होती. गाडी आली, धुरात माणसं उतरली. एक पत्र्याची पेटी खाली आली आणि तिच्यामागं एक वाळका, कानांवर पिकलेला माणूस. म्हातारा नुसताच उभा राहिला. शकूरनं वाकून त्याला सलाम केला, म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, फिरवतच राहिला. वडीलधाऱ्यांसमोर बायकोकडे बघायचं नसतं, म्हणून शकूरनं बघितलं नाही. बैलगाडीत पेटी चढवायला त्यानं बाही वर सारली. कोपराखाली भाजल्याचा मोठा पांढरा डाग होता. चांदबीनं तिथून बोटाच्या टोकापर्यंत नजर नेली. तिच्या हातापेक्षा चार बोटं जास्त.

गाडी निघाली. पुढं निवृत्ती आणि म्हातारा. गोजरबाई शहाणी, "मले मागं मळमळते" म्हणून तीही पुढं जाऊन बसली. मागं दोघंच राहिले.

"मोटरीचं काय केलं?" म्हाताऱ्यानं पुढूनच विचारलं.

"ईकली. खजुराच्या एका व्यापाऱ्याले. त्या पैशात तिकीट काढलं."

"बरं केलं. इथं काय, बैलाच्या वाटेवर विलायती मोटर!"

"हाव," शकूर म्हणाला, आणि गाडीच्या मागच्या वाटेकडे बघत बसला.

खामगाव मागं पडलं तरी तो तसाच. म्हातारा डुलकी घेऊ लागला. चांदबी शकूरकडे बघत होती. तिला वाटलं होतं, हा दिवस आला की सवत गेल्याचा आनंद होईल. आणि हा माणूस तर कुणाला तरी माती देऊन आल्यासारखा बसला होता. तीन वर्षांचे जुम्मे. बोटीच्या सुताराचे आरे, शिडाचं छप्पर, कंदिलाचा दिवा. आणि हे सारं ज्यांना सांगायचं, त्यांना फक्त 'ईकली' एवढंच ऐकायचं होतं.

"चालली व्हती का ती?" तिनं हळूच विचारलं. नऊ वर्षांनंतरचं तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं.

शकूर चमकला. "एकदाच. नदीच्या काठानं, खजुराच्या बागांतून. तीन कोस."

"गादी?"

"गादी मस्त व्हती. वीतभर जागेत मी घोंगडी कोंबली." त्याच्या तोंडावर काहीतरी हललं, मग विझलं. "तिच्यात तुले बसवायचं व्हतं. जाऊ दे. झालं ते झालं. आता त्याचं काय बोलायचं."

बैल घाटाची चढण चढू लागले होते. चांदबीनं पदर कानामागं सारला, जरा त्याच्याकडे सरकली आणि म्हणाली,

"जाऊ कसं द्याचं? कोंबड्यायपासून सांगा. समदं सांगा. अमडापूर लय लांब हाय अजून."